शाळा, घर आणि मंडळी: तिन्हीकडे एकटीच उभी राहू नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, नवापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर लागून तीन वर्षं झाली. मुलगी दीड वर्षाची. घरी सासू-सासरे, नवरा खासगी नोकरीत, सुरतेला जाऊन-येऊन. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबल वर्ग) तुझ्याकडे, यंदा महिला संघाचं चिटणीसपदही आलं. सासरचे म्हणतात नोकरी सोड, पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) म्हणतात देवाचं काम सोडू नकोस. तू विचारतेस, 'मी काय सोडू?'

तुला 'तू' म्हणतेय. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

आधी उत्तर सांगते. नोकरी सोडू नकोस, घर सोडायचा प्रश्नच नाही, मंडळीही सोडू नकोस. सोडायचं असेल तर तिन्ही ठिकाणी 'हे फक्त मलाच जमतं' ही भावना सोड. हे मी वरवर म्हणत नाही. मला ते कळायला फार वर्षं लागली आणि त्याची किंमत माझ्या मुलाने मोजली.

मी ३४ वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. सुरुवातीला साक्री तालुक्यात, पुढची सगळी नोकरी नवापूर भागात. नवरा एस.टी.त ड्रायव्हर, म्हणजे आज मुक्कामी गाडी तर उद्या पहाटेची. घरात सासूबाई आणि दोन मुलं. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच रविवारी शब्बाथ शाळेचं रजिस्टर माझ्या हातात आलं. 'बाई रोजच शिकवतात, त्यांना काय जड?' असं म्हणून दिलं होतं. मलाही ते मनापासून आवडलं. माझी आई याच भागातल्या मिशनच्या वसतिगृहात राहून शिकलेली. अक्षर आणि गाणं दोन्ही तिला तिथेच मिळालं. ते पुढच्या मुलांना द्यायचं, यात मला ओझं कधी वाटलंच नाही. ओझं झालं ते दुसऱ्याच कारणाने.

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. नाताळच्या नाटिकेची तालीम संध्याकाळी सहाला. धाकटा तेव्हा चार वर्षांचा, सकाळपासून कणकणत होता. शाळेतून आले तेव्हा अंग चांगलंच तापलेलं. सासूबाई म्हणाल्या, 'आज नको जाऊ.' मी त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली, पातेल्यात पाणी भरून त्यांच्याजवळ दिलं आणि गेले. का गेले? मेंढपाळांचे कपडे माझ्याच पेटीत होते, पेटीची किल्ली माझ्या पदराला होती, कुणाला कुठलं वाक्य द्यायचं ते माझ्याच वहीत होतं. मी गेले नसते तर तीस मुलं दारात उभी राहून परत गेली असती. साडेसातला शेजारचा मुलगा धावत आला. धाकट्याला तापात आकडी आली होती. सासूबाई त्याला रिक्षात घालून चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात घेऊन गेल्या होत्या. मी पोचले तेव्हा त्याला सलाइन लावलेलं होतं, आणि सासूबाई चप्पल न घालता आलेल्या, पाय चिखलाने भरलेले, त्याच्या उशाशी प्रार्थना करत बसलेल्या.

तो बरा झाला. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना तापात असं होतं, घाबरू नका. आज तो धडधाकट आहे. पण त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी बसले होते आणि पदराची ती किल्ली सारखी हाताला लागत होती.

नंतर पुष्कळांनी समजावलं, 'घर आधी, मग देऊळ.' मला ते पुरेसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. मूल आजारी असताना आईनं घरी थांबावं हे कुणी सांगायला नको. माझी चूक त्या संध्याकाळची नव्हतीच, आधीच्या कित्येक वर्षांची होती. एवढ्या वर्षांत मी त्या कामाला दुसरं माणूसच तयार केलं नव्हतं. किल्ली कुणाला दिली नव्हती. आणि त्याला मी सेवा म्हणत होते.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला भेटायला येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटा बसून लोकांचे तंटे सोडवतोय आणि लोक ताटकळत उभे आहेत, हे तो बघतो. तो जावयाचं कौतुक करत नाही. सांगतो, हे तू करतोस ते बरं नाही. तूही थकशील आणि हे लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला लावतो. आपल्याकडे मोशे आणि तांबडा समुद्र लहानपणापासून पाठ असतो, पण या अध्यायावर उपदेश फारसा होत नाही. मला तो त्या नाताळनंतर सापडला. 'लोकही थकतील' हे त्यातलं नीट बघ. एकटीनं सगळं उचललं की आपण दमतो, एवढंच नाही. ज्यांच्यासाठी उचललं त्यांचंही नुकसान होतं.

मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुला उपयोग होईल. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी दहावी झालेल्या दोन मुलींना बोलावलं. एक गायची चांगली, पण चारचौघांत बोलायला घाबरायची. दुसरीचा आवाज खणखणीत, वाचन कच्चं. पहिले तीन महिने त्या फक्त माझ्या बाजूला बसल्या. पुढचे तीन महिने लहान गट त्यांच्याकडे, मी मागे. गोष्ट आदल्या शनिवारी माझ्या ओट्यावर बसून मला सांगायची, मगच रविवारी मुलांना. डी.एड.ला आपल्याला पाठ घ्यायला लावतात ना, तसंच: सुरुवात कशी करशील, मध्ये मुलांना काय विचारशील, हातात काय दाखवशील. मोहरीच्या दाण्याचा दाखला असेल तर मिसळणाच्या डब्यातली मोहरी तळहातावर घेऊन ये, चित्र नको. पेरणाऱ्याचा दाखला असेल तर आपली मुलं शेतकऱ्यांचीच आहेत, त्यांनाच सांगू दे की मुरमाड जमिनीत भात का धरत नाही.

त्या वर्षीची नाटिका माझ्या मनासारखी झाली नाही. वाक्यं विसरली गेली, एका देवदूताचे पंख वेदीपर्यंत पोचायच्या आत सुटले. मी शेवटच्या सतरंजीवर धाकट्याला मांडीवर घेऊन बसले होते. किती वर्षांनी मी नाताळची उपासना बसून ऐकली असेन! पुढे त्यांतली एक अंगणवाडीसेविका झाली, दुसरी आज तिच्या सासरच्या मंडळीत शब्बाथ शाळा चालवते. माझ्याकडे रजिस्टर राहिलं असतं तर हे झालं नसतं.

आता शाळेचं. इथे मी तुला दोन गोष्टी नियमानिशी सांगते, कारण नव्या शिक्षकांना त्या कुणी सांगत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात शिक्षकाचे आठवड्याचे कामाचे तास ४५ धरलेत, आणि त्यात पाठाची तयारीही धरलेली आहे. म्हणजे टाचण काढणं हे रात्री दहाला, मूल झोपल्यावर, डोळे चोळत करायचं काम नाही. ते तुझ्या कामाच्या वेळेतलं काम आहे. मुलं गेल्यावर चाळीस मिनिटं वर्गात थांब, दार लोटून घे, टाचणवही पूर्ण करूनच कुलूप लाव. घरी वही नेऊ नकोस. मी शेवटची पंधरा वर्षं हे पाळलं. गाडी एक उशिरा मिळायची, पण घरी पोचायचे तेव्हा खरोखर पोचलेली असायचे.

दुसरं, त्याच कायद्यात शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम देऊ नये असं आहे. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, वेगवेगळी सर्वेक्षणं चालूच असतात. ते मला ठाऊक आहे. भांडत बसू नकोस. पण द्विशिक्षकी शाळा असेल तर कामाची वाटणी तोंडी ठेवू नका. कुठली नोंदवही कुणाची, हे कागदावर लिहून फळ्याच्या बाजूला लावा. नवीन लागलेली बाई म्हणून सगळी नोंदवही-कामं तुझ्याकडे सरकतात, कारण तिचं अक्षर चांगलं असतं आणि ती नाही म्हणत नाही.

वर्गात मात्र जीव ओतायला कमी करू नकोस. आपल्याकडची मुलं घरी मावची ही आदिवासी बोली बोलतात, पहिलीत येतात तेव्हा आपली पुस्तकी मराठी त्यांना परकी. साक्रीकडे मला अहिराणीचा प्रश्न नव्हता, मी त्यातच वाढले. पोरगं म्हणायचं, 'बाई, मन्ही माय मजुरीले गयी,' आणि मी तिथूनच धडा सुरू करायचे. नवापूरला आले तेव्हा पहिले दोन महिने मुलं माझ्याकडे नुसती बघायची. मग एक शंभर पानी वही केली. एका बाजूला मुलांचा शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. चौथीच्या मुली मला शिकवायच्या, मी चुकीचं बोलले की अख्खा वर्ग हसायचा, आणि हसता हसता पहिलीवाले बोलते व्हायचे. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता असतील तर मोठ्यांनी लहानांना वाचून दाखवायचं, हे रोजच्या वेळापत्रकातच घाल. वर्गातला इथ्रोचा सल्ला म्हण हवं तर.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जाणाऱ्या घरांची यादी ऑक्टोबरातच कर. कोण आजीजवळ राहू शकेल ते आधी विचार. ट्रक दारात उभा राहिल्यावर आईबापाला समजावणं कुणालाच जमत नाही. एका वर्षी एक मुलगी पाठीवर धाकटा भाऊ बांधून वर्गात यायची. तिला हाकलायचं की ठेवायचं, यावर शाळेत बरंच बोलणं झालं. मी कोपऱ्यात पोतं अंथरून त्यावर माझी जुनी साडी घातली. तो तिथे झोपायचा, ती लिहायची. होळीपर्यंत ती जोडाक्षरं वाचायला लागली. असे दिवस नोकरी सोडून मिळणार नाहीत, म्हणून सांगतेय.

मंडळीतली बाई म्हणून एक गोष्ट पक्की ठेव. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या कलम २८ मध्ये आहे. आपण ते काटेकोर पाळायचं, आणि ते भीतीपोटी पाळायचं नाही. समोर बसलेलं मूल डोंगऱ्या देव पुजणाऱ्या घरातलं असेल, वारकरी घरातलं असेल, मुसलमान असेल. त्याच्या आईने ते आपल्या हाती विश्वासाने सोपवलेलं असतं. मी वर्गात कधी प्रभूचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंही नाही. उपासनेतून जे मिळतं ते शाळेत वेगळ्या वाटेने येतं. मुलांना सुरात गायला लावता येतं, गोष्ट सांगताना कुठे थांबायचं ते कळतं, आणि रोज उशिरा येणाऱ्या मुलावर छडी उगारायच्या आत 'जेवलास का?' हे तोंडून निघतं.

घराबद्दल. मातृदिनाला किंवा महिला संघाच्या सभेत बायबलमधला नीतिसूत्रे ३१ हा अध्याय वाचतात. सद्गुणी स्त्री, रात्र सरायच्या आत उठते, घरच्यांना अन्न देते. ते ऐकून मी पहाटे चारला उठायचे आणि तरी आपण कमीच पडतो असं वाटायचं. नीट वाच तो अध्याय. १५ व्या वचनात ती आपल्या दासींना काम नेमून देते. त्या घरात हाताखाली माणसं होती. तुझ्या घरात नाहीत. आणि शेवटच्या वचनात तिच्या हातांचं फळ तिला द्या असं म्हटलंय. ते मात्र कुणी मोठ्याने वाचत नाही.

तसाच साने गुरुजींचा दाखला. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांची आईसारखी काळजी घ्यायचे. आपल्या खानदेशाला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. माझ्या वर्गात त्यांचा फोटो होता. पण केंद्रसंमेलनात कुणी तो आदर्श संसारी बाईपुढे ठेवला की मला उठून सांगावंसं वाटायचं, गुरुजी अविवाहित होते. त्यांच्या घरी दीड वर्षाचं लेकरू दाराकडे डोळे लावून बसलेलं नव्हतं. त्यांच्याकडून माया घे, वेळापत्रक घेऊ नकोस.

माझ्या घरात बदल झाला तो भांडणातून नाही. हॉस्पिटलातून आल्यावर मी नवऱ्यासमोर बसून रडले नाही, कागद घेतला. सकाळी साडेचार ते रात्री दहापर्यंत काय काय होतं ते दोघांनी मिळून लिहिलं: पाणी भरणं, भाकरी, दोन डबे, मुलांच्या आंघोळी, कपडे, दळण, सासूबाईंच्या गोळ्या. त्यांनी ते बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'माझी मुक्कामी नसेल त्या दिवशी पाणी आणि आंघोळी माझ्याकडे.' ड्रायव्हर माणूस, शब्द दिला की वेळेवर. सासूबाईंनी भाकऱ्या स्वतःकडे घेतल्या आणि मला आजतागायत वाटतं, त्या आधीपासूनच तयार होत्या, मीच कधी विचारलं नव्हतं. तुझ्या सासूबाई 'नोकरी सोड' म्हणतात त्यामागे काय आहे, एकदा त्यांच्याजवळ निवांत बसून विचार. पुष्कळदा दिवसभर दीड वर्षाच्या मुलीमागे धावून त्यांचे गुडघे दुखत असतात आणि ते सांगता येत नाही म्हणून 'सोड' म्हणतात. दुपारच्या चार तासांना गावातली एखादी मुलगी पगारी मदतीला ठेवलीस तर तो खर्च वाया नाही.

बालसंगोपन रजेचं तुला कुणी सांगितलंय का? पहिल्या दोन मुलांसाठी, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, सबंध सेवेत मिळून १८० दिवस. आमच्या वेळी नव्हती. तुझ्या हक्काची आहे. सगळी एकदम संपवू नकोस, मुलगी पहिलीत जाईल तेव्हा आणि दहावीला असेल तेव्हाही लागेल.

पैशाचं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या प्रश्नातल्या एका ओळीवरून वाटलं की तिथेही दुखतंय. आपल्या मंडळ्यांमध्ये बहुतेक घरं शेतीवर नाहीतर मजुरीवर. पहिल्या तारखेला पगार येणारी म्हणजे शिक्षक, नर्स, एस.टी.वाले. त्यामुळे देवळाच्या पत्र्याची वर्गणी, पाळकांच्या मुलाची फी, कुणाचं ऑपरेशन, सगळ्यांचे पाय आधी आपल्या दाराकडे वळतात. देणं आनंदाचं आहे. मी दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, कधी चुकवला नाही. पण तू १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेली आहेस, माझ्यासारखी जुनी पेन्शन तुझ्या हिशेबात धरू नकोस. दशांशावर जास्तीचं किती द्यायचं, तो आकडा नवऱ्याबरोबर वर्षाच्या सुरुवातीला ठरव आणि तो संपला की 'पुढच्या वर्षी' असं सांग. उसने द्यायचे तर तेवढेच, जे परत आले नाहीत तरी त्या बाईशेजारी बसून प्रभुभोजन घेताना तुझ्या मनात येणार नाहीत.

पाळकसाहेबांशी कसं बोलायचं, याचं तुला दडपण आहे. त्यांना भेटायला एकटी जाऊ नकोस, नवऱ्याला घेऊन जा, आणि रविवारी उपासनेनंतरच्या गर्दीत नाही, आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी. 'मला जमत नाही' असं सुरू करू नकोस. सांग, 'शब्बाथ शाळेसाठी मी दोन मुली तयार करतेय, जूनपर्यंत त्यांच्या हाती देईन. तोवर चिटणीसपद दुसऱ्या कुणाला द्या.' चिटणीसपद लगेच सोड. इतिवृत्त लिहायला मंडळीत शिकलेल्या दहा जणी निघतील. मुलांना गोष्ट सांगणारी सहज मिळत नाही, म्हणून तेवढं हळूहळू हातावेगळं करायचं. थोडी नाराजी होईल. माझ्यावरही झाली होती, दोन-तीन महिने काही बायका 'सलाम' सुद्धा तुटक घालायच्या. नंतर त्यांच्याच मुली माझ्या ओट्यावर शनिवारी यायला लागल्या.

येत्या रविवारी उपासना सुटल्यावर लगेच घरी पळू नकोस. मुलीला कडेवर घे आणि दारात थांबून बघ, लहान मुलं कुठल्या मुलीच्या मागे मागे फिरताहेत. मोठी माणसं कुणाचं नाव सुचवतात ते राहू दे, मुलं कुणाचा हात धरतात ते बघ. दोन नावं मिळाली की मला कळव. पहिल्या तीन महिन्यांच्या गोष्टी कशा लावायच्या ते आपण दोघी बसून काढू, माझ्याकडे जुन्या टाचणवह्या अजून आहेत.